अण्णांची कंबर

जुनाट दुखण्यांवर संशोधन करणारी बाई निवांत असेल, अशी लोकांची समजूत असते. मला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा मी उभ्यानंच पिते. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. यंदा त्या भिंगरीला कारण होतं. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, कमरेचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं होतं.

अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. उभा जन्म मशीन खोलण्यात गेला. निवृत्त झाले आणि कंबर धरली, ती सुटेना. एमआरआय काढला, मणके झिजलेले दिसले आणि अण्णांना एकदम हायसं वाटलं. बिघाड सापडला होता. पुंडलिकनगरच्या घरी जो येईल त्याला ते ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवायचे. "ऑपरेशन करता येईल, पण केलंच पाहिजे असं नाही," असं सर्जन म्हणाले होते. त्यातलं पहिलं अर्धंच अण्णांनी घरी आणलं.

"बेअरिंग गेलं की बदलायचं," ते म्हणाले. "नुस्तं ग्रीस लावत बसलं की शाफ्टबी जातो."

मी चिडले. माझी सगळी नोकरी याच समजुतीशी भांडण्यात चालली आहे. फिल्मवर झीज दिसते आणि माणूस ठणठणीत असतो. दुसऱ्याची फिल्म स्वच्छ असते आणि त्याला वाकता येत नाही. अण्णांच्या पायांत ताकद होती, मुंग्या नव्हत्या, नस दबल्याचं एकही लक्षण नव्हतं. मग मी त्यांच्याच भाषेत शिरले. "समजा, मशीन ठीक आहे, पण सेन्सर बिघडलाय. काही झालेलं नसताना लाइन बंद पाडतोय. तुम्ही बेअरिंग काढाल का?"

अण्णांना ते पटलं. जरा विचार करून म्हणाले, "मग सेन्सर बदल की."

"तो मेंदूत असतो, बदलता येत नाही, अण्णा. व्यायामानं, चालण्यानं हळूहळू शांत होतो. बऱ्याच जणांचा."

"बऱ्याच जणांचा," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं तुमी लोकं करता तरी काय?"

मी उठून भांडी घासायला घेतली. राग आला होता आणि हसूही येत होतं. त्यानंतर काही दिवस माझं कशातच लक्ष लागेना. परक्या रुग्णाला हेच सगळं मी न अडखळता सांगते. पण उद्या अण्णा तसेच कण्हत राहिले, तर ऑपरेशन मोडणारी मी असणार होते.

अण्णांनी ऑपरेशन रद्द केलं. खुलताबादच्या आत्याला फोनवर ऐटीत सांगितलं, "आपली पोरगीच त्यातली हाय. तिचं ऐकायचं का परक्याचं?"

व्यायाम मात्र त्यांनी मशीनच्या सर्व्हिसिंगसारखा नेमानं धरला. गच्चीवर सतरंजी टाकून सगळे प्रकार करायचे, मग चालायला जायचे. मी कामावर निघताना रोज विचारायचे, कसं आहे? "लई फरक हाय," ते म्हणायचे. मला बरं वाटायचं, पण पूर्ण नाही. ते फार पटकन उत्तर द्यायचे.

एका दुपारी आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्यासमोर म्हणतेत ते फरक हाय म्हणून. तू गेली की भिंतीला धरून उभे राहतेत. मोजे मी घालून देते त्यांना."

दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

"अण्णा, आज पोरगी म्हणून नाही, डॉक्टर म्हणून विचारते. खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. ओपीडीत समोर बसणारी माणसं बोलावं की नाही हे ठरवताना बघतात, तसं.

"पयल्यासारखंच दुखतंय," ते म्हणाले. "उठताना जास्त."

आई ऐकत नाही ना, ते पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"पण आमच्या पोरीला सांगू नका, मॅडम. तिला लई लागंल."