हौसाक्काचा डोळा

हौसाक्का बाटलीकडे कधी सरळ बघायचीच नाही. मान जराशी कलती, तोंडात काहीतरी गुणगुणणं, आणि मध्येच डावा हात पुढे जाऊन सरकत्या पट्ट्यावरची एक बाटली बाजूला ठेवायचा. उचलून बघावं तर तळाला काडी, नाहीतर गळ्याला केसाएवढी चीर. मी डोळे फाडून बसायचे, तरी माझ्या हातून एखादी निसटायचीच. तिच्यावरचा माझा पहिला राग हा.

साताऱ्याबाहेर तेव्हा बियरचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. दारूबंदी सैल झालेली, परवाने मिळू लागलेले. सरकारला कर हवा होता आणि आम्हाला काम. जव उत्तरेकडून यायचा. बाटल्या पुण्या-मुंबईच्या भंगारवाल्यांकडून यायच्या, कारण नवी काच परवडत नसे. त्या धुऊन पांढऱ्या दिव्यासमोरून सरकायच्या आणि आम्ही बायका त्या तपासायचो. कितीतरी चुली त्या कारखान्यावर पेटत होत्या, पण त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. सासूबाईंना मी सोड्याचा कारखाना म्हणून सांगितलं होतं. आमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरी सोडाच होता.

हौसाक्का माहेरची कवठे महांकाळकडची. नवरा फौजेत. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सहीऐवजी अंगठा उठवणारी. मी मॅट्रिक पास. डोळे थकतात म्हणून दर वीस मिनिटांनी आमची पाळी बदलायची, तर ही म्हणायची, "बसू द्या की. उन्हात खडी फोडून डोळा गेला न्हाई, तर ह्या दिव्यानं काय हुतंय?" साहेब हसायचे. माझ्याशी बोलताना ते कधी हसल्याचं मला आठवत नाही.

एकदा न राहवून मी विचारलं, "अक्का, तुम्हाला दिसतं तरी कसं?"

"बाटली बघू नगं गं सुमन. पलीकडचा उजेड बघ. घाण आपसूक आडवी येती."

तिने हातचं राखून ठेवलं असतं तर मला बरं पडलं असतं. तिने सगळं सांगितलं आणि तरी मला ते जमलं नाही.

मग कळलं, आमच्यातल्या एकीलाच कायम करणार. साहेबांनी खूण केलेल्या वीस खराब बाटल्या पट्ट्यावर मिसळल्या. मी सतरा काढल्या. हौसाक्काने एकवीस काढल्या. ती एक जादाची साहेबांनाच दिसली नव्हती. मला त्या नोकरीची फार गरज होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी गरजेपेक्षा जळफळाटच जास्त होता.

रविवारी एसटी धरून मी कोरेगावच्या वाटेवरच्या तिच्या गावी गेले. ती रानात गेलेली, हे मला हवंच होतं. ओट्यावर तिचे सासरे बसले होते, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "सूनबाई कुठं कामाला जातात, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिथं दारू होते."

"व्हय की," म्हातारा म्हणाला. "बियर. मेसमदी लय प्यालोय. पयल्याच दिशी तिनं सांगितलं. म्हनलं, एक बाटली आन. तर म्हनती, मामंजी, तसलं जमायचं न्हाई." आणि मोठ्यांदा हसला. "तुमी च्या घेताय न्हवं?"

मी चहा घेतला. मिळाली ती एसटी धरून परतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हौसाक्काने नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "जागा पायजे हुती तर मला मागायचीस. दिली नसती. पर मागायची हुतीस."

जागा तिलाच मिळाली. मी तिच्या शेजारी रोजंदारीवर आणखी सहा वर्षं बसले. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, कुणाला सांगितलंही नाही. जागेचा हेवा हळूहळू विरला, तिच्या घराचा मात्र विरला नाही. ती गेल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा, रडू यायच्या आधी माझ्या मनात हेच आलं, की ह्या बाईला आयुष्यात कधी घरी परतताना उंबऱ्यावर थांबून शब्द जुळवावे लागले नाहीत.