ब्राझील लागतं, शिरूर लागंना

“सर, तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?”

हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा फळ्यासमोर उभा होतो आणि रेडिओलहरी सरळ रेषेत का जातात हे समजावून सांगत होतो. बोलणाऱ्या बाई शेवटच्या बाकावर होत्या. मनगटावरचे घड्याळ त्यांनी सर्वांना दिसेल असे उंच धरले होते. वर्ग हसला. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत वेळेची आठवण मला घंटेने करून दिली होती, विद्यार्थ्याने कधीच नाही.

वाचकांपैकी ज्यांनी पूर्वी ट्रंक कॉल लावला असेल, त्यांना या प्रश्नाचे मूळ ठाऊक असेल. बोलणे रंगात आले की मधूनच एका बाईंचा कोरडा आवाज येई, तीन मिनिटे संपल्याची वर्दी देई आणि वेळ वाढवायची का असे विचारी. दौंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो आवाज आपांचा होता. त्यांना सगळे आपाच म्हणत. मीही म्हणू लागलो. तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी, भांडणे आणि सांत्वने त्यांनी बरोबर तिसऱ्या मिनिटाला थांबवली होती.

निवृत्तीनंतर मी शिरूरला हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या, परवान्याच्या परीक्षेसाठी रविवारचा वर्ग घेत असे. आपा चौफुल्याला एसटी बदलून दौंडहून येत. साठी ओलांडलेल्या बाईंना ही परीक्षा कशाला द्यायची आहे, असे मी विचारले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“रिटायर झाल्यापास्नं कुणाला कुणाशी जोडून दिलं न्हाई, सर. हाताला कसंतरीच हुतंय.”

त्या पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या, तरी वर्गाला येणे त्यांनी सोडले नाही.

आपांना दोन आवाज होते, हे चांगल्या निरीक्षकाच्या लगेच ध्यानात येई. एक घरचा, मोकळा, दौंडच्या बाजारात शोभणारा. दुसरा एक्स्चेंजच्या बोर्डावरचा: प्रत्येक अक्षर इस्त्री केलेले. हातातल्या रेडिओ संचाचे बटण दाबले की क्षणात दुसरा आवाज लागे. बटण सोडले की पहिला. “नमस्कार, दौंड बोलत आहे,” असे जगाला सांगून त्या लगेच माझ्याकडे वळत, “आयला, लागलं की हो!”

हा संच म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तळहातात मावणाऱ्या या यंत्रात आपला आवाज आकड्यांत बदलला जातो आणि ते आकडे हवेतून जातात. घरात एक काडेपेटीहून थोडी मोठी डबी ठेवलेली असते. ती आकडे झेलते आणि इंटरनेटवरून पुढे धाडते. दूरदेशी तशीच दुसरी डबी ते पुन्हा हवेत सोडते. त्यामुळे स्वयंपाकघरात उभे राहून, हातभर अँटेनाही न लावता, पृथ्वीच्या पलीकडच्या माणसाशी बोलता येते. या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. यंत्र फक्त मानवी आवाज ओळखते. पंखा, वारा, रस्त्यावरचा कर्णा ते गाळून टाकते.

शेवटचे विधान मी वर्गात केले, आणि आपांनी ते तपासायला घेतले. संचासमोर कुकरची शिट्टी धरली. पलीकडे बदक ओरडल्यासारखे काहीतरी पोहोचले. मिक्सर पोहोचलाच नाही. मग त्यांनी शेजारणीची शेळी आणली. त्या वेळी पलीकडे ब्राझीलमधले एक निवृत्त दंतवैद्य होते. शेळी ओरडली. दंतवैद्यांनी अत्यंत अदबीने इंग्रजीत सांगितले, की नवीन भगिनींचा आवाज स्पष्ट येत आहे, मात्र नाव नीट कळले नाही, कृपया पुन्हा सांगावे.

“मग तुम्ही काय केलेत?” मी विचारले.

“नाव सांगितलं, चांदणी. पर लायसन न्हाई म्हणून माईक काढून घेतला. कायदा म्हंजी कायदा, सर.”

पुढे कित्येक दिवस ते गृहस्थ चांदणीबाईंची परीक्षा कधी आहे, अशी चौकशी करत होते.

आता माझ्या नोंदवहीविषयी लिहिणे भाग आहे. वर्गाच्या कपाटात मी एक नोंदवही ठेवली होती. तिच्यात विद्यार्थ्यांचे दूरचे संपर्क लाल शाईने लिहिले जात आणि खाली दोघांच्या सह्या होत. नियम दोनच. दोन संचांच्या मध्ये तार, इंटरनेट किंवा तिसरे यंत्र नको. आणि नाव व खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरे, दोन्हीकडे पूर्ण ऐकू आली पाहिजेत. आपांनी ब्राझील, जपान, फिनलंड असे अर्धे जग पालथे घातले होते, पण ते सारे डबीच्या वाटेने. वहीत त्यांचे नाव नव्हते.

“सर, मी दौंडचा कॉल सोलापूरला जोडायचे, तवा मधी कुर्डुवाडीची बाई बसलेली असायची. म्हंजी ती नवरा-बायको बोललीच न्हाईत का?”

“बोलली, आपा. पण टेलिफोनवर बोलली. रेडिओवर नाही.”

“मग मी बटण दाबून काय करते? इस्त्री?”

वर्ग माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी फळा पुसायला घेतला.

हा वाद असाच सुखाने चालू राहिला असता. पण आपांच्या लेकीने त्यांना मस्कतला न्यायचे ठरवले. आपला परवाना तिथे चालत नाही. संच कपाटात जाणार हे त्यांना कळून चुकले होते. त्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या आणि कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, “परीक्षेत पास केलंत, सर, आन् वहीत नापास ठेवलंत. जायच्या आधी एक तरी लाल ओळ पायजे मला. दौंड तालुक्यातनं शिरूर. थेट.”

मी होकार दिला. नियमात मात्र सूट देणार नाही, हेही सांगितले.

“सूट मागितली का म्या?”

दौंड आणि शिरूर यांमध्ये पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर अंतर, अधूनमधून उंचवटे आणि भीमेचे खोरे. आम्ही तीन रविवार संध्याकाळी, त्या दौंडला परतल्यावर, प्रयत्न केले. त्या त्यांच्या गच्चीवर, मी माझ्या इमारतीच्या गच्चीवर. जुन्या पद्धतीत आवाज क्षीण होत होत विरतो; या पद्धतीत तो एकतर संपूर्ण येतो, नाहीतर काहीच येत नाही. काठावर पास होण्याची सोय नाही. आमच्याकडे काहीच आले नाही. तिसऱ्या रविवारी आपांनी मोबाइलवरून निकाल जाहीर केला.

“ब्राझील लागतं, शिरूर लागंना! शिरूरची माणसं पहिल्यापास्नंच असली. हाक मारली तर खिडकी लावून घेत्यात.”

शेवटी ठरले, की त्यांनी यवतच्या मागच्या डोंगरावर जायचे. तिथून शिरूरपर्यंतची वाट बरीच मोकळी आहे. मी नकाशावर वाटेतल्या जमिनीच्या उंचीचा छेद काढून खात्री केली होती. त्याआधीच्या आठवड्यात त्या माझा संच घेऊन गेल्या. संगणकावरून संचात चॅनेलचे आकडे, म्हणजे कोणत्या लहरीवर बोलायचे ते, भरावे लागतात. त्यात माझी बोटे अडखळतात, त्यांची धावतात. संच परत देताना त्यांनी पडद्यावरचे नाव मला दाखवले: ‘थेट’.

“हेच लावायचं, सर. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई.”

ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गच्चीवर उभा राहिलो. पाऊण तास काहीही ऐकू आले नाही. मी खाली उतरण्याच्या विचारात होतो, आणि संचावरचा दिवा हिरवा झाला.

“नमस्कार, शिरूर. डोंगरावरून दौंड तालुका बोलत आहे. इथे वारा फार आहे.”

बोर्डावरचा आवाज, एकही अक्षर न गळालेला. वाऱ्याचा मागमूस नव्हता. यंत्राने वारा कसा गाळला, याचे मी मनोमन कौतुक केले आणि पुढच्या वर्गात हे उदाहरण द्यायचे ठरवले. नाव आले, खूण आली. मी माझी दिली, त्यांनी ती पुन्हा म्हणून दाखवली. दोन्ही नियम पूर्ण झाले. वयाचे भान न ठेवता मी गच्चीवर टाळी वाजवली. शेजारच्या वाळवणावरची कबुतरे उडाली.

पुढच्या रविवारी आपा सहीला आल्या. मी पेढे आणले होते, वर्ग उभा राहिला, लाल शाईची ओळ मी पट्टी धरून लिहिली. आपा त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग अगदी बारीक अक्षरात सही केली. एकही विनोद केला नाही. प्रवास जवळ आला म्हणून मन भरून आले असावे, असे मी अनुमान काढले. अनुमान काढण्याची मला सवय आहे. ते बरोबर असतेच असे नाही.

त्या मस्कतला गेल्या. आठ महिन्यांनी नवी तुकडी सुरू झाली. थेट संपर्क कसा होतो हे दाखवण्यासाठी मी माझा संच आणि वर्गाचा संच अशी दोन यंत्रे घेऊन वर्गाच्या दोन टोकांना दोन विद्यार्थी उभे केले. अंतर वीस फूट. काहीच पोहोचले नाही. मी माझा संच संगणकाला जोडला आणि आकडे तपासले. ‘थेट’ या नावाखाली माझ्या घरच्या डबीचा आकडा होता. नाव वेगळे, वाट तीच. त्या सकाळी आपांचा आवाज डोंगरावरून आलाच नव्हता. तो माझ्याच बैठकीच्या खोलीतून, दूरदर्शनच्या शेजारी ठेवलेल्या डबीतून, वर गच्चीवर आला होता.

मी मस्कतला फोन लावला.

“आपा, थेट चॅनेलमध्ये माझ्या डबीचा आकडा कोणी भरला?”

त्या इतक्या हसल्या, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

“सापडलं व्हय! मी म्हणत हुते, आठ दिवसांत सर बोंब मारतील. आठ महिने लागलं? आन् परीक्षा आमची घेताय!”

“म्हणजे तुम्ही घरात बसून मला डोंगराचा वारा सांगितलात?”

हसणे थांबले.

“न्हाई, सर. तेवढं न्हाई. डोंगरावर मी गेलेली.”

“मग?”

“ठरवलं हुतं, घरीच बसायचं. तुम्ही लाल ओळ लिवली, की वर्गासमोर सांगायचं: बघा, तुमच्या कानाला तरी फरक कळला का? पर त्या दिवशी सकाळी वाटलं, जाता जाता एकदा खरं करून बघावं. रिक्षा केली, वरपर्यंत गेले. समोर सगळं मोकळं, पार लांबवर. मनात म्हणलं, आज लागतंय. आन् माझ्या संचावर खरं थेट चॅनेल लावून बटण दाबलं.”

“आणि?”

“पाऊण तास हाका मारल्या, सर. घसा बसला. मग डोक्यात उजेड पडला. तुमचा संच तर मीच डबीला बांधून ठेवलेला. मी वरनं कितीबी वरडले, तरी तुमाला कुठनं ऐकू येणार?”

“मला मोबाइलवर सांगायचे.”

“काय सांगू? सर, मी तुमाला फसवायला निघालेले, आता जरा चॅनेल बदला?”

उरलेली हकीकत त्यांनीच सांगितली. मग त्यांनी पिशवीतली आपली डबी काढून मोबाइलला जोडली आणि पुढचे मी ऐकलेच होते. सही करायला आल्या तेव्हा सांगणार होत्या. पण मी पट्टी काढली, पेढे काढले, आणि त्यांची जीभ उचलली नाही.

“सर, एक इचारू? लागलं असतं का हो?”

मी उंचीचा छेद सांगितला, संचाची शक्ती सांगितली, अंतर सांगितले.

“ते ऱ्हाऊ द्या. लागलं असतं का?”

“मला माहीत नाही, आपा.”

विद्यार्थ्याला हे उत्तर मी फार क्वचित दिले आहे.

“नोंद खोडावी लागेल,” मी म्हणालो.

“खोडा की. पर वाचता यील अशी खोडा. एकच रेघ.” पुढे त्या म्हणाल्या, “लेकीच्या रजेत आले की परत चढते. तवर तुमचा संच दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. लोक लबाड असत्यात.”

मी पट्टी धरून एकच रेघ मारली आणि शेजारी सही केली. खालची ओळ मोकळी होती. तिच्यात मी आपांचे नाव लाल शाईने लिहिले. दिनांक, अंतर आणि सह्या यांचे रकाने रिकामे ठेवले. आगाऊ हजेरी मांडणाऱ्या एका शिक्षकाला मी एकदा लेखी समज दिली होती. ते गृहस्थ आता हयात नाहीत, ही त्यातल्या त्यात सोय.

नव्या तुकडीत कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा एक चौकस गृहस्थ आहे. त्याने ती रेघ पाहिली, हकीकत ऐकली आणि म्हणाला, “सर, त्यात काय एवढं? आकडा बरोबर भरू. उद्या सुट्टी हाय मला. तुम्ही डोंगरावर जावा, मी तुमच्या गच्चीवर थांबतो. तासाभरात कळंल, लागतंय का न्हाई ते.”

पद्धत अगदी बिनचूक होती. मी तिच्यात एकही दोष काढू शकलो नाही. म्हणून त्याला सांगितले, की डॉक्टरांनी मला डोंगर चढायला मनाई केली आहे, आणि आपांच्या रिकाम्या रकान्यांसकट वही कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मला कोणत्याही डॉक्टरांनी कसलीही मनाई केलेली नाही.