खाडीवरची होडी

माझी लेन्स तोफेएवढी. लग्नाची कामं फोटो बघून मिळत नाहीत, लेन्सची लांबी बघून मिळतात. म्हणून खाडीकाठच्या करावे गावातल्या प्रत्येक हळदीत मी छाती ठोकून सांगायचो, "हिच्यातून उरणच्या माशीची मिशी दिसते!"

एका नवरीच्या आजोबांनी ते खरं मानलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. मला गच्चीवर नेऊन खाडीकडे हात करत म्हणाले, "माजी होडी बग रं. हाय ना बांदलेली?"

पोरांनी ती केव्हाच विकली होती, हे आजोबांशिवाय अख्ख्या गावाला माहीत होतं. मी डोळा लावला. नुसता चिखल.

"आहे, आजोबा. मस्त डुलतेय."

"मंग फोटू काड."

मी बटण दाबलं. तो चिखल अजून डिलीट करवत नाही.