आमच्या इवायांचं आठ माणसांचं टेबल

परमेश्वरानं मला धक्के देण्याचं काम एकाच माणसाकडं सोपवलेलं आहे आणि तो माणूस म्हणजे आमचे व्याही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायानं कसं वागावं याचे नियम ठरलेले आहेत. मुलाच्या बापानं लग्नात एकदा तरी रुसावं आणि मुलीकडच्यांनी उपरणं घेऊन त्याच्या मागं धावावं, ही आमच्या डोंगरकडा गावाची रीत. माझ्या शीतलच्या लग्नात मी माझे दोन भाऊ खास या कामाला नेमले होते. तर हे गृहस्थ रुसलेच नाहीत! दुपारी वरबाप मांडवात दिसेना, तेव्हा रुसले असतील या आशेनं भाऊ उपरणं घेऊन पळाले. पाहतात तर हे बायकांच्या पंगतीत, हातात बुंदीचं ताट घेऊन, "इकडं कोनाला पोचलं न्हाई?" असं ओरडत फिरत होते. वरबाप, आणि वाढपी! माझ्या थोरल्या आत्यानं तोंडाला जो पदर लावला तो सप्तपदीपर्यंत काढला नाही. भाऊ उपरणं तसंच घडी करून परत घेऊन आले.

खरं तर मी सोयरीक जमवतानाच सावध व्हायला पाहिजे होतं. इवाई सिद्धेश्वर धरणावर नोकरीला होते. धरणातलं पाणी किती चढलं, किती उतरलं, हे रोज सकाळी पट्टीवर बघून वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम. जन्मभर हेच केल्यानं माणसाला मोजण्याचं व्यसन लागलं होतं. सदऱ्याच्या खिशात लोखंडी टेप कायम. पोरगी बघायला आले तेव्हा चहा गार होईपर्यंत त्यांनी आमच्या बैठकीची लांबी-रुंदी मोजली. मग मला विचारलं, "तुमच्याकडं एका टायमाला किती मानसं जेवायला बसतात?" माझं कापडाचं दुकान, घरात आल्यागेल्याचा राबता. मी छाती फुगवून सांगितलं, "दहा-बारा पुरुष सहज." ते म्हणाले, "अन् बाया?" मी म्हणालो, "बाया बसतात की मागून." यावर ते नुसतं "हां" म्हणाले. मग शीतलकडं वळले. आता स्वयंपाकाचं विचारतील, शिवणकामाचं विचारतील, म्हणून मी तिच्याकडून आठ दिवस घोकून घेतलं होतं. यांनी विचारलं, "बाई, तुला भूक किती वाजता लागती?" शीतल आधी हसली, मग म्हणाली, "साडेअकराला." "मंग बाराला जेवत जाऊ," असं म्हणून इवायांनी सुपारी तोंडात टाकली आणि लग्न ठरलं. मला रात्रभर कळेना, की ही सून बघून गेले की खानावळीचं गिऱ्हाईक.

या माणसाच्या घरात एक टेबल होतं. शिरड शहापुरात त्यांचं गावातलं घर, एकत्र कुटुंब, चूल, पाट, कणगी, आणि मधोमध हे सागवानी, आठ माणसांचं, हत्तीच्या पायासारखे पाय असलेलं जेवणाचं टेबल. धरणाच्या कॉलनीतल्या विश्रामगृहाचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा यांनी ते घेतलं आणि बैलगाडीत घालून गावी आणलं. सगळ्या शिरडमध्ये त्यावेळी लोक म्हणाले, साहेब झाला हा आता, काट्याचमच्यानं भाकरी खाईल. त्या टेबलाचे दोनच कायदे होते. भाजी, भाकरी, ठेचा, पाण्याचा तांब्या, सगळं एकदम टेबलावर मांडायचं, आणि घरातलं शेवटचं माणूस बसेपर्यंत कुणी घास मोडायचा नाही. पहिल्यांदा मी तिथं जेवलो तेव्हा विहीणबाई माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवत होत्या. परक्या बाईसमोर घास चावायचा की नुसता गिळायचा, हेच मला कळेना.

पुढं जावयाला हिंगोलीत नोकरी लागली आणि दोन खोल्यांचं घर भाड्यानं मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. आईबापांनाही तो सोबत घेऊन निघाला. गावातलं घर इवायांनी भावाला सोडलं आणि म्हणाले, "मला फकस्त टेबल द्या." हे ऐकून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर मटकन खाली बसलो. घर सोडून टेबल घेणारा माणूस मी तरी बघितला नव्हता, आणि माझी पोरगी त्याच घरात दिलेली! ते टेबल जिन्यात वळेना. मग यांनी हळदीच्या मार्केटातले चार हमाल आणले, वेल्डर बोलावून गॅलरीचा कठडा कापला आणि दोर लावून टेबल वर ओढलं. हमाल खालून "हळू, हळू" करत होते आणि हे वर गॅलरीच्या टोकावर उभे राहून टेपनं हवेत माप घेत होते. खाली निम्मी गल्ली जमली. घरमालकाचा रक्तदाब वाढला, त्याला आत नेऊन निजवावं लागलं. शीतलनं हे सगळं मला फोनवर हसत हसत सांगितलं. "बाबा, टेबल बसलं!" मी विचारलं, "आणि आपलं कपाट?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

ते कपाट मी लग्नात दिलेलं. लोखंडी, आरशाचं, वर लाल अक्षरात 'सप्रेम भेट' आणि खाली माझं पूर्ण नाव. शीतलला सातवा महिना लागला, तिला बाळंतपणाला आणायचं म्हणून मी जीप करून हिंगोलीला गेलो. रस्त्यातून वर पाहिलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. माझं कपाट गॅलरीत, रस्त्याकडं तोंड करून, ताडपत्री पांघरून उभं! ताडपत्रीच्या फटीतून माझं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. सोबत दिलेला दिवाण गच्चीवर. मी तणतणत जिना चढलो. दार अर्धंच उघडलं, कारण पलीकडून टेबल. पोट आत ओढून आडवा शिरलो. खोली दहा बाय नऊची आणि टेबल आठ बाय चारचं. चारी बाजूंनी माणसं बसली की हलायला जागा नाही, आतल्या खोलीत जायचं तर टेबलाखालून. इवाई म्हणाले, "या या इवाई, बराबर बारा वाजले!"

पानं मांडलेलीच होती. इवाई, विहीणबाई, जावई, शीतल आणि दारापासून पार आतल्या टोकाला मी, असे पाच जण बसलो. मी म्हणालो, "इवाई, दोन महिन्यांनी घरात लेकरू येणार. पाळणा कुठं बांधणार?" ते उत्साहानं वर बोट दाखवत म्हणाले, "ही काय कडी ठोकली! टेबलाच्या बराबर वर. अन् रांगायला लागलं की खाली त्याची खोली तयार." मी म्हणालो, "माझी पोरगी दोन खोल्यांत बिनाकपाटाची राहून राहिली, आणि तुम्हाला लाकडाचं पडलंय? हे विका आणि चौघांचं छोटं टेबल घ्या. न्हाई तर खाली बसा, आम्ही काय खाली बसून जेवत न्हाई?"

इवायांनी भाकरी खाली ठेवली. "इवाई, खाली बसलं की बाई वाढायला उठती. किती बी बसवा, उठतीच. इथं एकदा बसली की उठताच येत न्हाई. गावाकडच्या घरापेक्षा हे घर ब्येस हाय बगा. अन् चौघांचं टेबल घेतलं, तर पाचवं मानूस उभं ऱ्हातं. ते पाचवं मानूस कोन, सांगा बरं?"

मला उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच माझा संताप अनावर झाला. मी ताटावरून उठलो. पण त्या घरात रागानं उठून जायचं तर टेबलाखालून रांगत जावं लागतं! मी वाकलो, पांढऱ्या धोतरानिशी गुडघ्यावर आलो आणि टेबलाखाली शिरलो. तिथं समोर माझ्या पोरीचे पाय. सुजलेले होते, आणि त्यांच्याखाली पाट ठेवून त्यावर उशी घातलेली होती. मी थोडा वेळ तिथंच थांबलो. वरून इवाई काळजीनं विचारत होते, "इवाई, डोकं आपटलं का?" मग मी तसाच मागं सरकत बाहेर आलो आणि परत खुर्चीत बसलो.

तेव्हा विहीणबाई बोलल्या. मी त्यांना एवढं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "दादा, मी नवी सून होते. मला बी सातवा लागला होता. घरात बारा-तेरा मानसं. आमी बाया बसूस्तोवर टोपल्यात उरंल ते आमचं. नव्या सुनेनं भूक लागली म्हनावं का? मी काई बोलले न्हाई. एक दिवस चुलीम्होरंच पडले. ते लेकरू ऱ्हायलं न्हाई." त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली, बसल्या जागेवरूनच. इवाई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "धरनात पानी किती हाय ते मी बोटभर चुकत नव्हतो, इवाई. घरात बायकोच्या ताटात किती हाय, ते मला डाक्टरानं सांगितलं."

मी ताटात वाढलेली ती भाजी खाल्ली. पण माणसाचा ताठा असा एका जेवणात जात नसतो. निघताना इवायांनी जीपच्या टपावर त्या टेबलाच्या दोन खुर्च्या बांधल्या, तेव्हा मी पुन्हा हादरलो. "खुर्च्या कशाला? आमच्या घरी काय कमी आहे?" ते दोराला गाठ मारत म्हणाले, "कमी कायबी न्हाई. एक पोरीची, खाली बसाय-उठाय तकलीफ व्हईल म्हून. अन् एक ईनबाईची, तुमच्या मंडळीची." दिवसाढवळ्या टपावर दोन खुर्च्या घेऊन मी डोंगरकड्यात शिरलो. लोकांनी विचारलं, निवडणुकीला उभे राहून राहिले का? सगळ्या रस्त्यानं मी मनात म्हणत होतो, आमच्याकडं तसलं काही नाही. आमच्याकडं भरपूर आहे. आमच्या घरी कुणी चुलीपुढं पडलेलं नाही.

संध्याकाळी मी नेहमीसारखा पाटावर बसलो. शीतल खुर्चीवर, ताट मांडीवर. आमची मंडळी वाढत होती. शीतल म्हणाली, "आई, तू बी बस." "तुमी जेवा ना, मी बसते मागून." शीतलनं घास मोडला नाही. भाजी निवत चालली. सातव्या महिन्याची पोरगी, दुपारी बाराला जेवलेली. मी बायकोवर खेकसलो, "अगं बस की! लेकरू उपाशी हाय!" मग ती आतून आपलं ताट घेऊन आली आणि दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी बसली.

मी पहिल्यांदाच तिच्या ताटात पाहिलं. माझ्या ताटात ताजी भाकरी होती, तिच्या ताटात सकाळची दीड. माझ्या वाटीत वांग्याचं भरीत, तिच्या ताटात भांडं पुसून निघालेलं बोटभर भरीत. मी म्हणालो, "शिळी काहून?" ती म्हणाली, "उरली होती, टाकून द्यायची का?" "रोज?" "रोज कुठं? उरली तर." आणि हसली. कापडाच्या दुकानात मी आयुष्यभर बायकांना विचारत आलो, ताई, अजून काही दाखवू का, मनासारखं मिळालं का. घरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. लाज वाटली. एवढी लाज, की मी माझी भाकरी उचलून तिच्या ताटात टाकली, तर ती घाबरली. "अहो, काय झालं तुमाला? बरं न्हाई का?"

शीतलला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती हिंगोलीला परत गेली. नात आता टेबलाच्या वर झोका घेते आणि जेवताना प्रत्येकाच्या ताटात डोकावते. शीतलसोबत मी एक खुर्ची पाठवली होती, दुसरी पाठवायची राहिली. महिन्यानं मी फोन करून म्हणालो, "इवाई, तुमची एक खुर्ची आमच्याकडंच आहे." त्यांनी विचारलं, "कामात हाय ना?" मी म्हणालो, "हाय." "मंग ऱ्हाऊ द्या."

त्या खुर्चीशेजारी ठेवायला मी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली. टेबल नाही, आमची बैठक बारा पुरुषांची असली तरी अजून तेवढी माझी छाती झालेली नाही. मी आणि आमची मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवतो. सुरुवातीला ती चारदा उठायची, आता एकदाच उठते. ती भाकरीचा पापुद्रा आधी अलगद सोडवते, ताटाच्या कडेला ठेवते आणि सगळ्यात शेवटी खाते, लहान पोरीसारखी, डोळे बारीक करून. तिला पापुद्रा इतका आवडतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि मला माहीत नव्हतं.