नकाशातला कोरडा ओढा

"आधी शीव, मग चहा." घरी कोणीही आलं, की आबा पायात वहाणा सरकवून एवढंच म्हणायचे आणि चालायला लागायचे. पाहुणा मागून धापा टाकत. अख्ख्या माळाला फेरी झाली, बांधाच्या प्रत्येक दगडावर आबांचा तळहात टेकवून झाला, की मगच चूल पेटायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आबा माझ्या ओळखीत आले तेव्हा मी काळेवाडीहून स्कूटरवर फायली घेऊन हिंडणारा, सौर प्रकल्पासाठी जमिनी मिळवणारा माणूस होतो. अजूनही तोच आहे, फक्त स्कूटर बदलली.

चाकणच्या पलीकडचं गाव. कारखान्यासाठी माळ मागायला येणाऱ्या दलालांना आबा वर्षानुवर्षं नुसता चहा पाजून परत पाठवत. आम्हाला मात्र त्यांनी तो पंचवीस वर्षांच्या भाड्यानं दिला. माळ विकला जाणार नव्हता, पॅनेलखाली गवत राहणार होतं आणि गावाच्या पाण्याच्या मोटारींना दिवसा लाईट मिळणार होती. ग्रामसभेत बाकीचे कुरकुरत होते. आबा उठले, म्हणाले, "मी दिला. आता तुमी बोला." मग कोणी बोललं नाही.

आराखडा मी केला. चैत्रातल्या उन्हात आबांनी मला घरामागच्या ओढ्याशी नेलं. म्हणाले, "हितनं पानी जातं." मी फोनला रेंज शोधत होतो. ओढ्यात धूळ उडत होती. मी नकाशावर लिहिलं, 'कोरडा ओढा, जाण्यायेण्यास सोयीचा.' घराच्या एका बाजूला शेजारच्या कारखान्याची उंच भिंत, मागे हा ओढा. उरलेल्या दोन बाजूंनी मी कुंपण ओढलं. लाल रेघ काय सरळ आली होती म्हणता!

पुढच्या वर्षी कुंपण उभं राहिलं, आणि आषाढात ओढा छातीएवढा वाहू लागला. आबा, त्यांचं घर आणि त्यांची म्हैस, सगळे आत अडकले. गावात जायचं तर प्रकल्पातून. कुंपणाच्या दाराची किल्ली आठच्या पाळीला येणाऱ्या रखवालदाराकडे, आणि डेअरी तर सकाळी सातलाच बंद. शिवाय आत विजेच्या तारा, म्हणून नियम: डोक्यावर हेल्मेट, गळ्यात 'व्हिजिटर'ची पट्टी. स्वतःच्या माळावरून आबा असे पाहुण्यासारखे किराणा आणायला जायचे. रखवालदार बिचारा ओशाळायचा. आबाच त्याची समजूत काढायचे.

दूध डेअरीला पोचेना, म्हणून त्या पावसाळ्यात आबांचा चहा नुसत्या दुधाचा असे. मी दोन-दोन कप प्यायचो आणि मग लाजायचो, याच क्रमानं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ज्यानं कपाट असं लावलं की बेडरूमचं दार अर्धंच उघडतं, त्याच्या हाती कुंपण दिलं कोणी?" आम्ही अजून तिरके होऊनच झोपायला जातो.

खरं तर भिंतीलगत दहा फूट वाट सोडली की काम झालं असतं. पण कुंपण सरकवायचं तर नकाशा बदला, नकाशा बदलला की तपासणी पुन्हा, म्हणजे वीज सुरू होणं लांबणार. कंपनीतले आमचे साहेब ऐकेनात. मी आबांना म्हटलं, तुम्ही लेखी तक्रार द्या, म्हणजे मला भांडता येईल. ते गळ्यातल्या पट्टीशी चाळा करू लागले.

"तक्रार दिली तर गावाची लाईट थांबंल?"

"थांबेल. चार-सहा महिने."

"मंग न्हाई द्येत. माज्या शब्दावर गप बसल्यात समदी."

सुटलो, असं मला क्षणभर वाटलं. तसं वाटल्याचं अजून टोचतं.

श्रावण सरता सरता त्यांनी म्हैस विकली. मग एकट्यानं तिथं राहायला निमित्तच उरलं नाही. मुलानं त्यांना मोशीच्या फ्लॅटवर नेलं, सातव्या मजल्यावर.

दसऱ्याला गावात दिवसाची लाईट आली. भर दुपारी मोटारी चालल्या, लोकांनी पेढे वाटले. त्या फोटोत मी आहे, आबा नाहीत. वीज सुरू झाल्यावर साहेबांनाही घाई उरली नाही, नकाशा बदलला, आणि कार्तिकात भिंतीलगतची वाट मोकळी झाली. मी तिथूनच आबांना फोन लावला.

"वाट झाली, आबा. आता कधीही या, जा."

"बरं झालं," ते म्हणाले. "गोठ्याचं दार लावलंय का बघा की."

मी गेलो. दार पावसानं फुगलं होतं, चौकटीत बसेना. फोन कानाला धरून मी खांद्यानं ढकलत राहिलो.

"लागत नाही हो, आबा."

"आत कोन हाय का?"

"नाही. कोणी नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या की उगडं."