पायथ्याची माती

सुखदेवमामा तलावाच्या पाळीवर चढण्याआधी टाच आपटत आणि बांध आतून पोकळ तर वाजत नाही ना, ते कान देऊन ऐकत. नवेगाव बांधकडचं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तलाव राखणारं. पाळ फुटली की ती बुजवायला माती कुठून काढायची, ते मामा ठरवीत. त्यांचा एकच दम असे, "पायथ्याची काढाची नाई. अख्खी पाळ बसते!" सुट्टीभर त्यांच्या मागे हिंडून मला तो पाठ झाला होता.

माझा ओठ जन्मतः दुभंगलेला. तो लहानपणीच शिवला, पण हिरडीत फट राहिली. मी पाचवीत असताना नागपूरच्या एका इस्पितळात कमरेच्या हाडाचा तुकडा काढून ती बुजवली. आईला ऑपरेशनसाठी मामांनीच राजी केलं होतं. शुद्धीवर आलो तर तोंड राहिलं बाजूला, कळ उजव्या कमरेत! झालं. माझा पायथा खणला होता. उभा राहिलो की कोसळणार.

डॉक्टर म्हणाले चाल, नर्स म्हणाल्या चाल, बाबांनी हात जोडले. मी खाटेचा दांडा सोडीना. उलट शेजारच्या खाटेवरच्या मुलाला पाळ कशी बसते ते साग्रसंगीत समजावलं. त्याचे नुसते टॉन्सिल काढले होते. तोही खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मामा आले. कमरेवरची पट्टी पाहून त्यांचाच चेहरा उतरला. तो पाहून मी दांडा आणखी घट्ट धरला. त्यांनी डॉक्टरांना दारातच गाठलं.

"साहेब, पायथ्याचं काऊन काढलं? पोरगा लंगडा झाला त बहिणीले कोणतं तोंड दाखवू?"

डॉक्टरांनी मामांचाच हात धरून त्यांच्या कमरेवर ठेवला. "इथलं काढलंय, वरच्या काठाचं. वजन पेलणारं हाड खाली, त्याला हात लावलेला नाही. काही दिवस लंगडेल, खड्डा हळूहळू भरेल. पण चालायला हवं."

मामा बराच वेळ स्वतःची कंबर चाचपत राहिले. मग माझ्याकडे वळले. "माथ्याची काढली बे. उतर."

"कोसळलो तर?"

"त मी कायले आलो? टाच टेक."

टेकली. डोळ्यांत पाणी आलं, पण कोसळलो नाही. मामा कान देऊन उभे होते. "पक्की आहे," म्हणाले. माझ्या काखेतला हात मात्र त्यांनी काढला नाही. मग टॉन्सिलवालाही उतरला, तोही लंगडतच.

माझं लंगडणं महिन्याभरात गेलं. पण तेव्हापासून पाळीवर मामा मला पुढे चालवू लागले. मला वाटलं, आपला मान वाढला. मी छाती काढून चाले. एकदा त्या तोऱ्यात थेट गाळात गेलो.

मामा गेले, त्या दिवसांत मी मामीला हे कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मान कायचा, बाबू? तुझा पाय पाहत चालत होते ते. डॉक्टरवर भरोसा बसलाच नाई. घरी आले का म्हणत, 'आजही सरळ चालला.'"

अजूनही पाळीवर चढताना मी टाच आपटतो आणि सरळ चालतो. मागे वळून पाहायची मात्र छाती होत नाही.