कोऱ्या चड्डीचा निकाल

"माणूस खोटं बोलेल, चड्डी बोलणार नाही," असं मावशी म्हणायच्या, आणि मैदानाच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर हशा पिकायचा.

त्यांना ते म्हणायचा हक्कच होता म्हणा. गेली बावीस वर्षं फुटबॉल संघाचे कपडे त्यांच्याच लॉन्ड्रीत येत होते. लॉन्ड्री स्टेडियमच्या मागच्या रस्त्यावर. दोन मशिनं, एक ड्रायर, भिंतीला लागून लांबलचक टेबल आणि त्याच्या दोन टोकांना दोन इस्त्र्या. मावशींचे यजमान गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता शटर खाली येणार. पण त्यांची नणंद पदर खोचून उभी राहिली आणि भावजयीला म्हणाली, "वहिनी, तुम्ही धुवा, मी इस्त्री मारते. जगाला नावं दोघी मिळून ठेवू." तेव्हापासून कामाची वाटणी तीच.

शनिवारी सामना झाला की रविवारी सकाळी कपड्यांचं गाठोडं यायचं. मावशी आधी नंबर लावून ढीग करायच्या. चिखल ओला असला तर वाळू द्यायच्या, मग ब्रश. गवताचा हिरवा डाग वेगळा भिजवायचा. रक्त असलं तर गार पाणी, चुकूनही गरम नाही. आणि हे सगळं करताना कोण कुठल्या अंगावर पडला, कोण घसरला, कोण नुसताच हात कमरेवर ठेवून उभा राहिला, ते त्यांना वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं.

हे वाचन त्या स्वतःपाशीच ठेवत. दर शनिवारी सामन्याला जायच्या, पायऱ्यांच्या अगदी कडेला खांबाजवळ बसायच्या आणि मुकाट परत यायच्या. बाईमाणसाला फुटबॉलमधलं काय विचारायचं, म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

मग संघ हरायला लागला. एक, दोन, चार, सात सामने. पायऱ्यांवर पहिल्यापासून ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, तो कंडक्टर. बसमध्ये 'पुढे सरका' म्हणून म्हणून कमावलेला आवाज तो. एका शनिवारी वैतागून तो खांबाकडे वळला. "मावशी, तुम्ही कपडे धुता ना यांचे? सांगा बरं, यांना घाम तरी येतो का?"

मावशींनी जे होतं ते सांगितलं. "गोलकीपरची कोपरं फाटलीत. डाव्या बॅकचा चिखल ब्रशला दाद देत नाही. आणि दहा नंबरच्या चड्डीवर गवताची काडी म्हणून नाही."

केवढे हसले लोक! नाक्यावरचा चष्मेवाला तर चष्मा काढून डोळे पुसायला लागला. कंडक्टरनं मधली जागा झटकली, तिच्यावर पेपर पसरला. "इथं बसायचं मावशी. आजपासून दर शनिवारी निकाल!"

मधल्या जागेवरून मैदान निराळंच दिसतं. माणसं मान वळवून आपल्याकडे बघतात, आपण तोंड उघडलं की गप्प होतात. मावशींच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होत होतं. आता खोटं कशाला बोला, त्यांना ते गोड लागलं.

मोसमाच्या मध्यावर कप्तानाची चड्डी कोरी यायला लागली.

कप्तान म्हणजे मधला बॅक, लांब टांगांचा, मान पुढे काढून चालणारा. सगळे त्याला उंट म्हणत. सबंध संघात त्याचे कपडे सगळ्यात घाण असायचे, आणि आता एकदम स्वच्छ. पहिल्या आठवड्याला मावशींना नवल वाटलं. दुसऱ्या आठवड्याला चड्डी हातात घेतली तर शिवण दमट लागली, आणि वास आला आंघोळीच्या साबणाचा.

म्हणजे ही कुणीतरी आधीच धुतली होती.

एवढं कळायला बावीस वर्षं लागत नाहीत, बावीस दिवस पुरतात. मावशींना कळलंच. पण पुढच्या शनिवारी पायऱ्यांवर चाळीस माना वळल्या होत्या, कंडक्टर म्हणत होता, "हं, कप्तानाचं बोला," आणि तोंडातून निघून गेलं, "उंटाला बसायला वाळवंट सापडलंय. चड्डी कोरी करकरीत!"

कंडक्टरनं तिथल्या तिथं गाणं बांधलं: "उंट बसला, उंट बसला, कोरी चड्डी घालून बसला!" दहा मिनिटांत अख्खी पूर्व बाजू गात होती. सामन्यागणिक आवाज वाढत गेला.

तेव्हाचे कोच साठीचे, सरळ गृहस्थ. एका सोमवारी ते स्वतः लॉन्ड्रीत आले. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मावशी, पोरगा पळतोय हो. माझे डोळे काही फुटले नाहीत. लोक तुमचं ऐकतात. जरा सांगा ना त्यांना."

"मी काय सांगणार सर? कपडे जे सांगतात ते मी सांगते."

"बरं," म्हणाले ते. हात काउंटरवरून काढले आणि गेले. उंटाला मात्र त्यांनी बाहेर बसवलं नाही. ज्याला आपला कप्तान झोपलेला दिसत नाही तो संघ काय जागा करणार, असं लोक म्हणायला लागले. क्लबच्या कचेरीत पत्रं गेली. तीन आठवड्यांनी सरांना नारळ मिळाला. जाताना बॅग त्यांनी स्वतःच उचलली, एवढं मावशींनी दुकानातून पाहिलं.

सरांच्या शेवटच्या सामन्याचे कपडे नणंद इस्त्री करत होती. कप्तानाची पाच नंबरची चड्डी उलटी करून इस्त्री फिरवली आणि तिचा हात थांबला.

"वहिनी, हे बघा. ऊब लागल्यावर वर आलं."

आतल्या बाजूला, मांडीशी, तळहाताएवढी तपकिरी सावली होती.

"रक्त आहे," नणंद म्हणाली. "घरी खळबळून पाठवतोय तो. जखम लपवतोय. कळलं तर क्लब बसवेल, आणि उभं राहायला दुसरा बॅक आहे कुठं? दोघं आधीच प्लास्टरमध्ये." मग तिनं इस्त्री उभी केली. "तुम्हाला नव्हतं कळलं?"

मावशी ड्रायरचं दार उघडून आत बघत राहिल्या.

"बावीस वर्षं धुताय, आणि साबणाचा वास नाही आला?"

"काम कर गं तुझं."

"करतेच आहे," नणंद म्हणाली. "मला कुणी पेपर पसरून देत नाही."

पाप काय फार मोठं असतं? एक वाक्य तर बोललो, तेही हसण्यावारी, असं मावशी मनाशी म्हणत आणि स्वतःलाच ते पटत नसे. काउंटरवर ठेवलेले ते दोन हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

नवे कोच आले. पायऱ्यांवरच्या लोकांचं तोंड दुधानं पोळलेलं, त्यामुळे ताक फुंकणं चाललं होतं.

"चांगले असतील," चष्मेवाला म्हणायचा, "पण मी 'असतील' म्हणतोय हां. 'आहेत' म्हणालेलो नाही."

"बोलतात कमी म्हणे," कंडक्टर म्हणायचा.

"मागचे पण कमी बोलायचे."

"मागचे ऐकायचेही कमी! हे सगळ्यांना भेटतायत. माळ्याला भेटले, बसच्या ड्रायव्हरला भेटले. मावशी, तुमच्याकडे आले की कानावर घाला आमचं. उंटाला बसवा म्हणावं. मग बघा."

ते आले बुधवारी. चाळिशीचे, केस बारीक कापलेले, हातात वही. लॉन्ड्रीतल्या स्टुलावर बसले आणि चहा नको म्हणाले. नणंदेनं तरी दिला.

"मी ऐकलंय तुमच्याबद्दल," ते म्हणाले. "तुम्हाला कपड्यांवरून खेळाडू कळतो. मग कप्तानाचं सांगा. शनिवारी त्याला वगळायचं माझ्या मनात आहे. लोकांना तो नकोय, आणि मला पहिल्याच सामन्यात शिव्या नकोत. पण उगाच कुणावर अन्याय नको."

नणंदेनं इस्त्री बाजूला ठेवली. मावशींनी हात पुसले, परत पुसले. खरं सांगावं तर पोराची लपवलेली जखम उघडी पडणार. गप्प बसावं तर तो आळशीच ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेली.

"सर, माझा निकाल खोटा होता," त्या म्हणाल्या. "चड्डी धुऊन येत होती. मला कळलं होतं. तरी मी बोलले."

"धुऊन का येत होती?"

"ते त्याला विचारा. मांडी दाखव म्हणा. मी त्याच्याबद्दल पुष्कळ बोलले, आता नाही बोलत."

त्यांनी वही मिटली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. जाताना दारात फक्त एवढंच विचारलं, "मागच्या सरांना हे सांगितलं होतंत?"

"नाही."

"अच्छा," म्हणाले, आणि गेले.

शुक्रवारी उंट स्वतः आला. दाराच्या चौकटीतून वाकून आत शिरला. लंगडत होता, आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"मावशी, सात टाके होते. दर सामन्यात दोन-तीन उसवायचे. डॉक्टर म्हणाले, अजून एक सामना खेळला असतास तर पाय गेला असता. महिनाभर घरी बसायचंय."

"बाळा, मी..."

"नवे सर सगळं बोलले मला." तो टेबलावरच्या टी-शर्टांकडे बघत होता. "मागच्या सरांना फोन केला काल. जखमेचं सांगितलं. खूप ओरडले, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून."

"आणि माझं? माझं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, कपडे अजून त्याच धुतात का? म्हटलं, हो. म्हणाले, बरं, कॉलर छान राखतात."

तो गेल्यावर मावशी काउंटरवर डोकं टेकून बसल्या. नणंद जवळ आली. टोमणा तिच्या जिभेवर तयार असणार, पण तिनं गिळला. "उद्या जाणार आहात ना सामन्याला?" तिनं विचारलं. "मग जा. आणि जिथं बोललात तिथंच बोला. माझ्याजवळ रडून काय होणार?"

शनिवारी पूर्वेच्या पायऱ्या भरल्या होत्या. माईकवरून अकरा नावं वाचली गेली, त्यात उंट नव्हता. तो साध्या कपड्यांत राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता. पायऱ्यांनी असा जल्लोष केला की जणू गोल झाला.

"बघा!" चष्मेवाला उभा राहून म्हणाला. "नव्या सरांना चष्मा लागत नाही! आता म्हणतो मी, चांगले 'आहेत'!"

कंडक्टरनं छाती भरून श्वास घेतला. "उंट बसला, उंट..."

"थांब," मावशी उठून उभ्या राहिल्या. "निकाल आहे."

"निकाल, निकाल! गप्प बसा रे!"

माना वळल्या. त्याच चाळीस माना. "त्याच्या मांडीला सात टाके होते," त्या म्हणाल्या. "रक्त येत होतं, तरी खेळत होता. चड्डी घरी धुऊन पाठवत होता, कुणाला कळू नये म्हणून. मला वासावरून कळलं होतं. तरी मी कोरी म्हणाले. तुम्ही हसत होतात म्हणून म्हणाले. सर खरं बोलत होते, मी खोटं."

मग मागून कुणीतरी हसलं, "काय मावशी, आता कप्तानाची वकिली?"

"गंमत नाही करत रे मी."

चष्मेवाल्यानं त्यांच्या खांद्याशी वाकून हळूच म्हटलं, "अहो, मनाला लावून घेऊ नका. झालं ते बरंच झालं की! तुमच्यामुळे तर बदल झाला. नाहीतर जुने सर अजून तिथंच बसले असते. उलट आम्हीच तुमचे आभार मानायला हवेत." आणि त्यानं खरोखर टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणखी पाच-सहा जणांनी वाजवल्या. मावशींना वाटलं, यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं.

कंडक्टर टाळ्या वाजवत नव्हता.

"पाच सामने," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "पाच सामने मी ते गाणं म्हटलं मावशी. घसा बसेपर्यंत."

"हो."

"त्याची आई रोज माझ्या बसला असते. सकाळच्या पाळीला, पुढच्या सीटवर. सुट्टे पैसे तयार ठेवते बिचारी. मी तिला तिकीट देतो आणि शनिवारी तिच्या पोराला..." तो थांबला. "तेव्हाही वाटायचं मला, चुकतंय. पण म्हटलं, मावशी सांगतायत म्हणजे खरं असणार. तुम्ही मला खोटं ओरडायला लावलंत."

"हो," मावशी म्हणाल्या.

"सोमवारी तिच्यापुढे कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

तो उठला, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दहा पायऱ्या खाली गेला आणि कुंपणाच्या जाळीजवळ एकटाच बसला.

सामना सुरू झाला. पाहुण्यांनी आधी गोल केला, मध्यंतरानंतर आपण फेडला. एक-एक. जिंकलो नाही, पण इतक्या सामन्यांनंतर पहिल्यांदाच हरलो नाही, म्हणून लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नवे सर वहीत काहीतरी लिहीत होते. बाकावरचा उंट उभा राहून टाळ्या वाजवत होता. कंडक्टरही उठला होता, पण त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही, आणि त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

एवढ्या गर्दीत मावशींवर चिडलेला तो एकटाच होता. मावशी मधल्या जागेवरून उठल्या, कठड्याला धरत धरत दहा पायऱ्या उतरल्या आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. तो सरकला नाही. मैदान रिकामं झालं, झाडूवाले वरच्या पायऱ्यांपासून झाडत खाली यायला लागले, तरी दोघं समोर बघत बसूनच होते.